कबुतरं हाकायची नोकरी

त्या स्टेशनाचा फोटो तुम्ही कुठे ना कुठे पाहिलेलाच असणार. कॅलेंडरवर, बिस्किटांच्या डब्यावर, नाहीतर दाताच्या डॉक्टरच्या बाहेरच्या खोलीत. मधोमध घुमट, दोन्ही अंगांना मनोरे, कमानींवर दगडातली पानं, फळं, माणसांची तोंडं, आणि दारावर दोन सिंह. समोर मोठा चौक, चौकात कारंजं, कारंज्यापलीकडे खांबाखांबांचं जुनं पोस्ट आणि त्याला खेटून म्युझियम. गाडी पकडणाऱ्यांपेक्षा नुसती बघायला येणारी माणसंच तिथे जास्त. माना वर करून 'वा वा' म्हणायची, सिंहांखाली उभी राहून दात दाखवायची आणि पाण्याच्या रिकाम्या बाटल्या कारंज्यात टाकून चालती व्हायची.

त्या फोटोत एक माणूस कधीच दिसत नाही आणि ते फोटोच्या दृष्टीनं बरंच आहे. तो सिंहांच्या मागे, कमानीवरच्या अरुंद सज्जात असायचा. हातात लांब बांबू, बांबूच्या टोकाला काळं फडकं, कमरेला खडे भरलेला पत्र्याचा डबा. दिवसभर बांबू फिरवायचा, डबा खुळखुळवायचा आणि 'हुश्श! हुश्श!' करत कबुतरं उडवायची, ही त्याची नोकरी. हमालांनी त्याचं नाव हुश्श्या ठेवलं होतं. खरं नाव पगारापुरतं उरलं होतं.

कबुतरं हाकायला पगार मिळतो म्हटलं की लोक हसतात. हसणाऱ्यांनी एकदा त्या दगडावर साचलेली घाण खरवडून बघावी. घाणीखाली दगड पिठासारखा भुसभुशीत होतो, कोरलेल्या बाईचं नाक गळून पडतं, पानांच्या कडा जातात. हुश्श्याच्या आधी त्याचे वडील हेच काम करायचे. ते गेले आणि बांबू याच्या हातात आला. वडील कबुतरं उडवायचे. हा कबुतरांचा दुस्वास करायचा. सिंहाच्या आयाळीत अंडं सापडलं की वडील ते उचलून मागच्या पडक्या गोदामात नेऊन ठेवायचे. हा तिथल्या तिथे भिरकावून द्यायचा आणि खाली कुणाच्या डोक्यावर पडलं तर उलट त्यालाच शिव्या घालायचा.

माणसांशीही तो तसाच वागे. नाकावर माशी बसू द्यायचा नाही. तिकीट विकणाऱ्याशी भांडण, सफाईवाल्यांशी भांडण, फोटो काढायला आलेल्या नवराबायकोशी भांडण. त्याचं स्वतःचंही लग्न झालं होतं. बायकोनं काही महिने कळ काढली आणि एके दिवशी खालीच गाडीत बसून माहेरी निघून गेली. घर स्टेशनात असलं की हा एक फायदा असतो, असं हमाल म्हणायचे.

घर खरोखरच स्टेशनात होतं. डाव्या मनोऱ्यात, गोल गोल जाणाऱ्या दगडी जिन्याच्या वर, एक खोली आणि तिच्या पोटात स्वयंपाकाची जागा. कबुतरं हाकणाऱ्याला पूर्वीपासून मिळणारं क्वार्टर. शेजारच्या खोल्यांतून माणसं कधीच गेली होती, आता तिथे मोडके बाक आणि जुने सिग्नलचे दिवे पडले होते. खोलीला एकच खिडकी, आणि ती चौकाच्या बाजूला नाही, मागच्या रुळांच्या बाजूला. त्या खिडकीशी खुर्ची टाकून त्याची आई बसलेली असायची. गुडघे गेले होते. तो जिना उतरणं तिनं सोडून दिलं होतं, आणि वर तिला भेटायला येणारं कुणी राहिलं नव्हतं.

आईवर त्याचा जीव होता, हे खोटं नाही. तिला चावत नाही म्हणून सगळं मऊ शिजवायचा. सकाळी उचलून न्हाणीत न्यायचा, उचलून परत आणायचा. तिची वेणीसुद्धा घालायचा, वाकडी का होईना. पण आई त्याला हवी होती ती एकट्याला. त्यात कुणाचा वाटा त्याला खपत नव्हता.

वाटा मागायला एकच माणूस होतं. त्याची थोरली बहीण.

ताई याच खोलीत वाढली होती. वडिलांबरोबर सज्जात हिंडायची, गोदामातल्या अंड्यांवर लक्ष ठेवायची. आई हाक मारायची ती आधी ताईला, मग याला. घरात काही चांगलंचुंगलं झालं की पहिला घास ताईचा. हे सगळं त्यानं लहानपणापासून मनात साठवून ठेवलं होतं. ताईचा नवरा वारला, सासरच्यांनी तिला बाहेर काढलं आणि ती पेटी घेऊन स्टेशनात आली, तेव्हा आई पडून होती, गुडघ्यांचं दुखणं नुकतंच सुरू झालं होतं. हुश्श्यानं बहिणीला जिन्याच्या खालच्या पायरीवरच गाठलं.

"क्वार्टर नोकराला मिळतं. नोकराच्या बहिणीला मिळत नाही," तो म्हणाला.

"मी दोन दिवस राहीन. आईला तर भेटू दे."

"आई म्हणते, तुझं तोंड बघायचं नाही. नवऱ्याला खाऊन आलीस म्हणते."

ताईला ते शब्द विंचू चावावा तसे झोंबले. ती पेटी उचलून गेली. वर जाऊन यानं आईला सांगितलं, की ताईनं गाव सोडलं, लांब कुठेतरी गेली, आणि जाताना म्हणाली की माझा पत्ता आईला देऊ नकोस. दोन माणसांना दोन थापा, आणि मध्ये हा. शिवाय कर्मचाऱ्यांच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याला ताकीद दिली, की ही बाई आत येता कामा नये.

पण ताई कुठे जाणार? म्युझियममागच्या गल्लीत, घड्याळवाल्याच्या दुकानावर तिनं खोली घेतली. आणि थोड्याच दिवसांत ती दाण्यांची टोपली घेऊन चौकात येऊन बसली. बरोबर सिंहांसमोर. बघायला येणारी माणसं तिच्याकडून पुडी घ्यायची, हातावर दाणे धरायची, कबुतरं खांद्यावर, डोक्यावर बसायची आणि फोटो निघायचे. हुश्श्या वरून कबुतरं हाकायचा, ताई खालून त्यांना जेवायला बोलवायची. हा धंदा तिनं पोटासाठी केला, पण पुरा पोटासाठी केला असं मी म्हणणार नाही. जागा तिनं पाहूनसवरून निवडली होती. खाऊन तृप्त झालेली कबुतरं उडायची ती थेट भावाच्या सिंहांवर जाऊन बसायची, आणि पुढचं काय ते सांगायला नको.

वर्षं गेली. दोघांत विस्तव जात नव्हता. तो सज्जातून खाली थुंकायचा, ती मान वर करून बोटं मोडायची. स्टेशनातल्या सगळ्यांना हे भांडण पाठ होतं. माहीत नव्हतं ते फक्त वरच्या खोलीतल्या म्हातारीला.

मग स्टेशन धुवायची टूम निघाली. जुन्या इमारतींना कसलासा मोठा दर्जा देणारी एक समिती येणार होती. पाण्याचे फवारे मारून, ब्रशांनी घासून अख्खं स्टेशन लोण्यासारखं पिवळंधमक करून टाकलं. आतल्या दालनातल्या कमानींना सोनेरी रंग दिला. मोठ्या साहेबांनी हुश्श्याला बोलावलं.

"समिती येईल त्या दिवशी दगडावर एक ठिपका दिसता कामा नये. दिसला तर जाळ्या लावणाऱ्या कंपनीला काम देऊन टाकतो. मग तू कशाला आणि तुझं क्वार्टर तरी कशाला?"

नोकरी गेली असती तर हुश्श्यानं कुठेही हमाली केली असती. पण क्वार्टर गेलं म्हणजे आईला खाली आणणं आलं, आणि खाली आणली की चौक आला. चौकात टोपली घेऊन बसलेली तिची लेक आली. इतकी वर्षं राखलेली थाप चौकात उघडी पडली असती. तो जिने चढत वर आला आणि सज्जात जाऊन बसला. खाली ताई दाणे उधळत होती. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्याच दिवशी तो पुन्हा साहेबांपुढे उभा राहिला. "साहेब, मी वरून किती हाकणार? खाली पंगत बसते त्यांची. ती दाणेवाली हटवा, कबुतरं आपोआप जातील."

साहेबांना पटलं. चौकात पाटी लागली, दाणे टाकायला आणि विकायला बंदी झाली. नगरपालिकेची माणसं गाडी घेऊन आली. ताईची टोपली, बसायचं पोतं, छत्री, सगळं उचलून गाडीत फेकलं. ती टोपलीला धरून ओढत होती, तेव्हा दाणे सांडून चौकभर झाले. हुश्श्या सज्जाच्या कठड्याला टेकून बघत होता. एवढा खूश तो लग्नातही दिसला नसेल.

ताईनं मान वर केली. "वरून काय बघतोस? हिंमत असेल तर खाली ये!" ती ओरडली. "आईला जाऊन सांग, तुझ्या लेकानं आज केवढा पराक्रम केला ते!"

त्यानं चटकन मनोऱ्याकडे पाहिलं. पण खिडकी मागच्या बाजूला होती, मधे दगडाच्या जाड भिंती होत्या. आईपर्यंत काही पोचणार नव्हतं.

पहिले काही दिवस मजेत गेले. सिंह स्वच्छ, कमानी स्वच्छ. साहेबांनी त्याला खोलीत बोलावून चहा पाजला, आणि ही गोष्ट तो हमालांना चारचारदा ऐकवत हिंडला. ताई आता पोस्टाच्या भिंतीशी नुसतीच येऊन बसायची आणि स्टेशनाकडे टक लावून बघायची. तिच्या मनात काय चाललं होतं ते चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

आणि मग कबुतरं आत आली.

इथे हुश्श्याची चूक झाली, आणि अशी चूक कबुतरं हाकणाराच करू शकतो. कबुतर कुठे बसतं, कुठे घरटं करतं, कोणत्या वाऱ्याला कोणत्या कमानीत दडतं, हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. ते खातं काय आणि कुठे, याचा विचार त्यानं जन्मात केला नव्हता. खायचं खातं ताईनं चालवलं होतं. चौकातलं जेवण बंद झालं तेव्हा एवढा मोठा थवा उपाशी बसून थोडाच राहणार होता? स्टेशनाचं दार उघडंच होतं. आत पावांचे तुकडे होते, बिस्किटांचा चुरा होता, मुलांच्या हातांतला खाऊ होता. एक आलं, दहा आली, मग सगळाच थवा दालनात घुसला. चहाच्या टपरीवर कबुतरं, तिकीट खिडकीच्या गजांवर कबुतरं, ताज्या सोनेरी कमानींवर ओळीनं कबुतरं, आणि खाली प्रवाशांच्या टोप्यांवर, पेट्यांवर, बाकांवर त्यांचा प्रसाद.

आत बांबू फिरवायची सोय नव्हती. खाली माणसांची डोकी, वर दिवे. त्यानं एकदा रागानं बांबू हाणला तेव्हा काचेचा जुना दिवा खाली येऊन फुटला. कबुतरं या कमानीवरून त्या कमानीवर जायची, बाहेर जायची नाहीत. 'हुश्श! हुश्श!' करत तो दालनात धावायचा आणि प्रवासी पोट धरून हसायचे.

साहेब लालबुंद झाले. "बाहेर होती ती काय वाईट होती? कुणी सांगितलं होतं तुला अक्कल पाजळायला?" मग थोडे शांत होऊन म्हणाले, "हे बघ, पोस्टासमोर, कारंज्याच्या पलीकडे दाणे टाकायला लाव. थवा तिकडे जाऊ दे. समिती चार दिवसांवर आलीय. ती दाणेवाली तुझी बहीणच ना? तूच आण तिला. नाही जमलं तर चंबूगबाळं आवर."

बहिणीला आणण्यापेक्षा त्याला विष खाणं परवडलं असतं. त्यानं स्वतःच दाण्यांचं पोतं आणलं आणि पोस्टासमोर जाऊन मुठीमुठीनं उधळलं. दालनातून काही कबुतरं आली, डोक्यावरून एक घिरटी घातली, त्याला पाहिलं आणि फडफडत परत गेली. ती त्याला ओळखत होती. पिढ्यानपिढ्या ज्यानं अंडी फोडली तो माणूस त्यांच्या चांगला लक्षात होता. त्यानं टोपी काढून पाहिली, शर्ट बदलून पाहिला, बाजूला सरून खांबाआड दडून पाहिलं. पण आसपास त्याचा वास जरी असला तरी एक कबुतर खाली उतरेना. हमाल रांगेनं उभे राहून मजा बघत होते. "अरे, हुश्श म्हण, म्हणजे येतील!" एकजण ओरडला.

शेवटी नाक मुठीत धरून तो म्युझियममागच्या गल्लीत गेला. घड्याळवाल्याच्या दुकानावरचा पत्र्याचा जिना चढला. ताई दारातच बसून दाणे चाळत होती. धंदा बंद होता तरी चाळत होती. तिनं मान वर केली नाही.

"साहेबांनी बोलावलंय तुला," तो म्हणाला. "पोस्टासमोर बसायचं. बंदी उठवलीय."

"साहेबांनी बोलावलंय, मग साहेब का आले नाहीत?"

"ताई, माझं क्वार्टर जाईल."

"जाऊ दे. माझी टोपली गेली तेव्हा तू वरून हसत होतास."

"आई कुठे जाईल?"

चाळण थांबली. ताईनं पहिल्यांदाच त्याच्याकडे पाहिलं. "आता कसं बोललास. मला आईला भेटायचंय."

"ती आजारी आहे."

"मग आजारी आईला बघते."

"ती तुझं तोंड बघायची नाही. सांगितलं होतं ना तुला?"

"न बघू दे. डोळे मिटून घेऊ दे तिनं. पण ते माझ्यासमोर मिटू दे. मला जे काय म्हणालीस ते माझ्या तोंडावर म्हण, एवढंच सांगायचंय तिला. आधी आई, मग दाणे. नाहीतर जा, तुझ्या कबुतरांना तूच भरव."

त्यानं धमकावून पाहिलं, गयावया करून पाहिलं. ती पुन्हा चाळायला लागली. आता गळ्याशी आलं होतं. शेवटी तो 'चल' म्हणाला आणि वाटेत त्यानं तिसरी थाप जुळवली. आईला सांगायचं, ताई सकाळच्या गाडीनं आली, उभ्या उभ्या भेटून लगेच जायचीय. ताईला सांगायचं, आईचं काळीज नाजूक झालंय, बोलू नकोस. दोघींना तोंड उघडायला वेळच द्यायचा नाही. इतकी वर्षं निभावलं, आणखी पाच मिनिटं निभावेल. जिना चढताना तो बजावत होता, "बसायचं, बघायचं, उठायचं. एक शब्द जास्त बोललीस आणि तिला काही झालं, तर तुझ्या माथी." ताई एकेक पायरी हातानं चाचपत चढत होती. या पायऱ्या तिच्या पायांना माहीत होत्या.

आई खिडकीशी बसून उशीचा अभ्रा शिवत होती. दारात कोण आहे ते तिनं आधी डोळे बारीक करून पाहिलं. मग सुई तशीच कापडात राहिली.

"कुठल्या गाडीनं आलीस गं?" तिनं विचारलं.

"सकाळच्या," हुश्श्या घाईनं मधे पडला. "परतीची गाडी आहे तिची आत्ताच. लगेच निघायचंय."

"गाडी कसली?" ताई म्हणाली. "मी चौकातून आले, आई."

"चौकातून म्हणजे?"

"कारंज्यापाशी बसते ना मी. दाणे विकते. इथून गेले त्या महिन्यापासून. तुला ठाऊक नाही?"

"हा म्हणाला, तू गाव सोडलंस. मला पत्तासुद्धा द्यायचा नाही म्हणालीस."

ताईनं भावाकडे बोट केलं. "आणि मला म्हणाला, तू माझं तोंड बघणार नाहीस. नवऱ्याला खाल्लं म्हणालीस."

"मी?" म्हातारी म्हणाली. "मी असं म्हणेन? तुला?"

हुश्श्या म्हणाला, "आई, तुला त्रास होऊ नये म्हणून मी..."

आईनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती लेकीशीच बोलत होती. "मी रोज या खिडकीत बसते. येणारी प्रत्येक गाडी बघते. डब्याडब्यातून तुला शोधते. डोळे गेले माझे त्यात. आणि तू माझ्या पाठीमागच्या भिंतीपलीकडे बसली होतीस." ती रडली नाही. तिचा चेहरा इतका कठोर झालेला त्यानं कधी पाहिला नव्हता. तिनं अभ्रा बाजूला टाकला आणि खुर्चीच्या हातांवर दोन्ही हात रोवले. "चल. मला इथे एक क्षण राहायचं नाही."

"माझी खोली लहान आहे, आई. पत्र्याचा जिना आहे."

"जिन्याचं मला सांगू नकोस."

ती उठायला लागली तसा हुश्श्या सवयीनं पुढे झाला. रोज जसा उचलायचा तसा एक हात पाठीमागे, एक गुडघ्यांखाली घालायला वाकला.

"हात लावू नकोस मला," आई म्हणाली. "हमाल बोलाव."

"आई, मी आहे ना. मी नेतो ना तुला. कुठेही नेतो."

"हमाल बोलाव म्हटलं."

तो ताईकडे बघत राहिला. तिला तरी दया येईल असं त्याला वाटलं असावं. ताईच्या डोळ्यांत दया नव्हती. "दाण्यांचा शब्द दिलाय, तो पाळते," ती म्हणाली. "तुझ्या क्वार्टरला धक्का लागणार नाही. राहा त्यात."

तो खाली गेला. ज्यांच्याशी त्याचं कधी पटलं नव्हतं त्या हमालांपुढे उभा राहिला, आणि काय हवंय ते त्याला दोनदा सांगावं लागलं, कारण पहिल्यांदा कुणाचा विश्वासच बसला नाही. दोघे हमाल वर आले. त्यांनी म्हातारीला खुर्चीसकट दोऱ्यांनी नीट बांधलं. एकानं पुढून धरलं, एकानं मागून. हुश्श्या दार धरून उभा होता.

पुढच्या हमालानं रोजच्या सवयीनं विचारलं, "कुठल्या प्लॅटफॉर्मला, आजी?"

"बाहेर," आई म्हणाली. "चौकात."